तयार संगीताच्या दालनात हाउस
मूकपटांच्या काळात, १९०९ साली, मेयर डी वुल्फ यांनी लंडनमध्ये चित्रपटगृहांतील वादकांना स्वरलिपी पुरवणारी संस्था काढली; दृश्यांसाठी तयार संगीत पुरवण्याच्या व्यवसायाचा हा एक आरंभ. हाउस संगीत मात्र शिकागोच्या ‘वेअरहाउस’ क्लबमध्ये, १९७७ पासून तिथे तबकड्या वाजवणाऱ्या फ्रँकी नकल्स यांच्या प्रभावाखाली, नाचणाऱ्यांसाठी घडले. मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, प्रत्येक मात्रेवर बास ड्रम. तयार संगीतातून अशी धून जाहिरातीसाठी निवडताना कसोटीच बदलते. नाचाला हवी असलेली, सावकाश चढणारी सुरुवात ३० सेकंदांत मावत नाही. उत्तम नृत्यधूनही इथे नापास होते, आणि ते रास्तच. निवेदकाच्या आवाजाला जागा हवी, संकलकाला कापण्याजोगे थांबे हवेत, शेवट ठाम हवा; म्हणून गायनाविना आवृत्तीही मागितली जाते.