मेळ्यात शिरलेली निवडणूक

पनवेलमध्ये जुन्या भजनांच्या शौकिनांचे आमचे एक मंडळ आहे. नोंदणी, पावतीपुस्तक, पदाधिकारी असले त्यात काही नाही. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी ओटीवर बसायचे, जुन्या बुवांच्या कॅसेटी ऐकायच्या, जमेल तसे गायचे आणि उरलेला महिना व्हॉट्सॲपवर ध्वनिफिती पाठवत राहायचे. गटात पस्तीसेक माणसे. निम्मी नव्या वसाहतींतली, निम्मी आसपासच्या गावांतली. गट मी चालवतो आणि पहिल्याच दिवशी मी त्यावर एक नियम लिहून ठेवला होता: ‘इथे राजकारण नको.’

२०२४ चे गणपती गेले आणि विधानसभेच्या निवडणुकीचे वारे सुरू झाले. एका रात्री आमच्या पखवाजवाल्यांनी एक गाणे टाकले. चाल भजनाची, शब्द दि. बा. पाटलांवर आणि १९८४ च्या आंदोलनात गेलेल्या शेतकऱ्यांवर. पाच मिनिटांत कुणीतरी विचारले, ‘हा कुणाचा प्रचार?’ दुसऱ्याने उत्तर दिले, तिसऱ्याने त्या उत्तराला उत्तर दिले, आणि मध्यरात्रीपर्यंत भजन बाजूला राहून पक्ष, जात, गाववाले आणि बाहेरचे असे सगळे निघाले. सकाळी मी ते गाणे काढून टाकले आणि नियमाची आठवण करून दिली. पखवाजवाले काही न बोलता गटातून बाहेर पडले. पुढच्या बैठकीला ठेका धरायला कुणी नव्हते.

त्या वेळी मला माझे काही चुकले असे वाटले नाही. पण पंधरा-वीस वर्षे मी गणेशोत्सवातील मेळ्यांचा अभ्यास करत आलो आहे. मेळ्यांच्या पद्यांच्या पिवळ्या पडलेल्या पुस्तिका माझ्या कपाटात आहेत. त्या पुन्हा उघडल्यावर लक्षात आले, की माझा नियम माझा नव्हताच. तो शंभर वर्षांचा जुना नियम आहे आणि त्याचा इतिहास फारसा निर्मळ नाही.

मेळा म्हणजे काय हे आज सांगावे लागते. दहा-वीस मुले-तरुण, एकसारखा पोशाख, हातात टिपऱ्या किंवा लेझीम, सोबत पेटी-तबला, आणि त्या वर्षासाठी मुद्दाम रचलेली पद्ये. मेळा एका गणपतीपुढून दुसऱ्या गणपतीपुढे जाई. महिनाभर तालमी चालत. यात पोटापाण्याचा भाग थोडा, हौसेचा फार. दिवसा कारकुनी करणारा माणूस रात्री पद्ये रची आणि शाळकरी पोर सूर लावी. नंतर रंगभूमीवर गेलेल्या कित्येकांनी पहिल्यांदा लोकांसमोर तोंड उघडले ते मेळ्यातच. तेव्हा मेळा ही मुळात एक हौशी मंडळीच होती.

तरीही ती राजकारणापासून लांब कधीच नव्हती. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली आणि पुढच्याच वर्षी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने मोठे रूप घेतले. मेळ्यांचा नमुना मोहरमच्या टोळ्यांचा, आणि १८९४ च्या पद्यांत हिंदूंनी मोहरमला जाऊ नये असा उपदेश. पुढे बंगालची फाळणी, स्वदेशी, बहिष्कार हे सारे विषय पद्यांत आले. १९१० च्या सुमारास सरकारने मेळ्यांवर कडक बंधने घातली. सरकारी नजरेत हे राजकारण होते. मेळेवाल्यांच्या आणि बहुतेक श्रोत्यांच्या नजरेत ते धर्मकार्य होते, देशकार्य होते. ‘राजकारण’ हा आरोप बाहेरून होत होता. मांडवाच्या आत त्याला दुसरे नाव होते.

मांडवाच्या आतून तो आरोप पहिल्यांदा जोरात ऐकू आला तो १९२० नंतर. हे त्याच दशकात का झाले, याचे माझ्या मते एक साधे कारण आहे: निवडणुका आल्या.

१९१९ च्या सुधारणा कायद्याने प्रांतिक कौन्सिलांचा मताधिकार वाढला. मुंबई इलाख्यात ‘मराठा व तत्सम’ जातींसाठी सात जागा राखीव झाल्या. शिक्षणाने आणि नोकरीने मागे ठेवलेल्या समाजाच्या डोक्यांना पहिल्यांदाच मतपेटीत वजन आले. १९२० मध्ये विठ्ठल रामजी शिंद्यांनी राखीव जागा न घेता पुण्यातून सर्वसाधारण जागा लढवली आणि ते हरले. पाठोपाठ १९२३ ची आणि १९२६ ची निवडणूक आली. या तिन्ही निवडणुका नोव्हेंबरमध्ये झाल्या. गणपती बसतात भाद्रपदात, म्हणजे ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात. मतदानाच्या दोन-अडीच महिने आधी गावातला सगळ्यात मोठा जमाव मांडवात आयता बसलेला असे. त्याच्यापुढे गाणारा मेळा निवडणुकीपासून अलिप्त कसा राहणार?

ही सांगड अजून सुटलेली नाही. २०१४ मध्ये गणेश चतुर्थी २९ ऑगस्टला, विधानसभेचे मतदान १५ ऑक्टोबरला. २०१९ मध्ये २ सप्टेंबर आणि २१ ऑक्टोबर. २०२४ मध्ये ७ सप्टेंबर आणि २० नोव्हेंबर. शंभर वर्षांत मतदार बदलला, मतपेटीचे यंत्र झाले, पण आधी आरती आणि मग मतदान हा क्रम पुष्कळदा तसाच राहिला.

पुण्यात १९२२ मध्ये ‘छत्रपती मेळा’ निघाला. त्यामागे होते शुक्रवार पेठेतील केशवराव जेधे आणि त्यांचे तरुण सहकारी दिनकरराव जवळकर. मेळ्याचा साज जुनाच, पण पद्यांत शिवाजी महाराज बहुजनांचे होते, फुले होते आणि पुढारपण एकाच जातीकडे का, हा प्रश्न होता. समोर ‘सन्मित्र समाज’सारखे जुने, टिळकपक्षाच्या परंपरेतले मेळे होते. एका बाजूने पद्य झाले की दुसऱ्या बाजूने उत्तर. भाषा दोन्हीकडे घसरली. नावे घेऊन टोमणे झाले, स्त्रियांना ओढले गेले, रस्त्यात हाणामाऱ्या झाल्या. छत्रपती मेळ्याची सगळी पद्ये आज वाचवत नाहीत आणि त्यांच्या विरोधकांचीही नाहीत. १९२५ मध्ये जवळकरांचे ‘देशाचे दुश्मन’ आले. त्यात टिळक-चिपळूणकरांवर जहरी टीका होती. खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाल्या. अपिलात डॉ. आंबेडकर आरोपींचे वकील म्हणून उभे राहिले आणि १९२६ मध्ये आरोपी सुटले.

या काळात छत्रपती मेळ्यावरचा मुख्य आक्षेप होता तो हा, की पवित्र उत्सवात यांनी जातीचे राजकारण आणले. हा आक्षेप घेणारे सगळे ढोंगी होते असे मी म्हणणार नाही. ज्यांनी लहानपणापासून तो मांडव आपला म्हणून पाहिला, त्यांना खरोखरच काहीतरी मोडल्यासारखे वाटले असणार. पण तीस वर्षे त्याच मांडवात मोहरमवर बहिष्कार, विलायती कापडावर बहिष्कार गायला गेला होता, आणि तेव्हा राजकारण शिरल्याची तक्रार या घरांतून आली नव्हती. जे आपल्या सवयीचे झालेले असते ते राजकारण वाटत नाही. नव्या माणसाने पहिल्यांदा तोंड उघडले की ते वाटते.

ज्यांना मांडवात जागाच नव्हती त्यांनी आपले रंगमंच वेगळे उभारले. सत्यशोधकांनी तमाशाचा बाज घेऊन जलसे काढले. पुढे भीमराव कर्डकांसारख्यांनी नाशिककडे आंबेडकरी जलसा उभा केला. तिथे ‘राजकारण नको’ अशी पाटी लावण्याचा प्रश्नच नव्हता. पाणवठा, देऊळ, शाळा या ज्यांच्या रोजच्या अडचणी, त्यांनी त्या वगळून गायचे तरी काय?

या गोष्टीचा पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९३० च्या सुमारास जेधे काँग्रेसमध्ये गेले आणि काकासाहेब गाडगीळांबरोबर काम करू लागले. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्या बाजू मांडवात समोरासमोर होत्या, त्यांची ‘गाडगीळ-जेधे’ अशी जोडी झाली. स्वातंत्र्याच्या आगेमागे शंकरराव मोऱ्यांसह जेधे शेतकरी कामगार पक्षाच्या उभारणीत होते. मधे ते काँग्रेसमध्ये परतले, पुन्हा बाहेर पडले. आणि ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समितीची स्थापना झाली ती केशवराव जेध्यांच्या अध्यक्षतेखाली, पुण्याच्या टिळक स्मारक मंदिरात. ज्यांच्या मेळ्याने टिळकपक्षाला सळो की पळो केले, ते टिळकांच्या नावाच्या वास्तूत सर्वांचे अध्यक्ष म्हणून बसले. भांडण झाले म्हणून हे जमले नाही असे नाही आणि भांडण टाळले म्हणून जमले असेही नाही. ज्यांनी तोंडावर गायले होते, त्यांना एकमेकांचे म्हणणे निदान पाठ तरी होते.

जेध्यांनी उभारलेल्या त्या शेतकरी कामगार पक्षाचे बळ पुढे सगळ्यांत टिकले ते आमच्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात. १९५७ मध्ये पनवेलमधून दि. बा. पाटील याच पक्षातर्फे आमदार झाले. १९७० मध्ये नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींचे संपादन सुरू झाले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जमिनीच्या भावासाठी आंदोलन पेटले, गोळीबार झाला, पाच माणसे गेली. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. नव्या विमानतळाला दि. बां.चे नाव द्या म्हणून जून २०२१ मध्ये सिडको भवनावर हजारो लोक गेले.

हे सारे मला पाठ होते. तरी त्या रात्री गाणे काढताना यातले काहीच आठवले नाही. माझे घर ज्या इमारतीत आहे, तिची जमीन कधीकाळी कुणाचे तरी भातशेत होते. पखवाजवाल्यांच्या घराने तशीच जमीन दिली. त्यांच्या लेखी ते गाणे प्रचाराचे नव्हते, घरातल्या सुतकाचे होते. माझ्या लेखी ते राजकारण ठरले, कारण मला त्याची झळ नव्हती. आणि त्याच गटावर पंधरा ऑगस्टला, गुढीपाडव्याला, कुठल्याशा मंदिराच्या सोहळ्याला येणारे संदेश मी कधी काढले नव्हते. त्यांत राजकारण मला दिसलेच नव्हते.

याचा अर्थ काहीही चालवून घ्यावे असा नाही. १९२० च्या दशकातल्या त्या पुस्तिका वाचल्या की आवाज किती लवकर खालच्या पट्टीला जातो ते कळते. पण त्या पद्यांत दोष विषयाचा नव्हता, माणसाला नाव घेऊन ओरबाडण्याचा होता. आमच्या कोकणात डबलबारीचे भजन होते. दोन बुवा एकमेकांना चिमटे काढतात, कोडी घालतात, भर सभेत निरुत्तर करतात. पण एकाची बारी संपेपर्यंत दुसरा टाळाला हात लावत नाही. आमच्या गटात ही शिस्त कुणालाच आठवली नाही. मला तर नाहीच.

यंदा आषाढीच्या आधी मी पखवाजवाल्यांना फोन केला. चुकले म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘गाणं तुम्ही पुरतं ऐकलं होतं का?’ मी ऐकले नव्हते. पहिल्या कडव्यात नाव आले आणि मी थांबलो होतो.

गटावरचा नियम मी बदलला आहे. आता तिथे लिहिले आहे: ‘आधी पूर्ण ऐका.’ पुढची निवडणूक आली की हा नियम कितपत टिकतो ते दिसेलच. पखवाजवाले एकादशीला आले होते. ते गाणे त्यांनी म्हटले नाही, आणि म्हणा असे सांगण्याचा धीर मला अजून झालेला नाही.