झाडीपट्टीचे नाट्यमंडळ

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण १८४३ सालच्या सांगलीपासून वाचतो आणि पुणे-मुंबईत येऊन थांबतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात आजही रात्र रात्र रंगणारी झाडीपट्टी रंगभूमी या इतिहासात अभावानेच आढळते. दंडार आणि खडी गंमत यांच्या भूमीत वाढलेल्या या रंगभूमीचा आधार म्हणजे गावोगावची नाट्यमंडळे होत.

धानाची कापणी आटोपली, मंडई-शंकरपटाचे दिवस आले, की मंडळ नाटक ठरवते. वडसा-देसाईगंज येथील कंपनीशी करार होतो, मंडप उभा राहतो, तिकिटे विकली जातात. लेकी-जावई, पाहुणे गावी येतात, सोयरिकीही जुळतात. खर्च वजा जाता उरलेली रक्कम देऊळ, शाळा अशा गावकामी लावण्याची रीत अनेक गावांत आहे.

पूर्वी गावकरीच तोंडाला रंग लावीत. व्यावसायिक कंपन्या आल्या आणि गावचा हौशी नट बव्हंशी प्रेक्षक झाला. ही हानी आम्ही नाकारत नाही; मात्र त्याच बदलाने शेकडो कलावंतांना हंगामी रोजगार दिला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलशर्यतींवर बंदी आणली. शंकरपट थांबले, तरी नाटक थांबले नाही. २०२३ साली गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. गौरव नटाचा झाला. त्याला रंगमंच देणाऱ्या मंडळांचा इतिहास मात्र अलिखितच आहे. तो लिहावयाचा तर संहितांइतकीच मंडळांची जमाखर्चाची वहीही साहित्याच्या अभ्यासकांनी वाचली पाहिजे, असे आम्हांस वाटते.