डोंगर केवढा, माणूस केवढा

देवळाली कॅम्पातल्या खंडोबाच्या टेकडीवर संध्याकाळी गेलात, तर पश्चिमेकडे पांडवलेण्यांचा डोंगर, अंजनेरी आणि त्र्यंबकची रांग निळसर दिसते. दसऱ्याच्या सुमारास हवा अशी धुतल्यासारखी असते, की हात लांब केला तर अंजनेरीला लागेल. कॅमेरा हाती आलेल्या बहुतेक देवळालीकरांनी इथून फोटो काढलेला असतो आणि तो पाहून बहुतेकांचा हिरमोड झालेला असतो. डोळ्यांनी पाहिलेला पहाड कागदावर ढेकळासारखा येतो.

माझाही झाला. रोलचे दिवस होते ते. छत्तीस फोटोंचा एक रोल, आणि त्यातला प्रत्येक फोटो पैसे मोजून काढायचा. त्र्यंबकेश्वरच्या पलीकडे हरिहर नावाचा किल्ला आहे. त्यालाच हर्षगड म्हणतात. त्याच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या इतक्या उभ्या, की चढताना समोरच्या पायरीवर नाक टेकेल. बाजूला हाताची बोटं अडकवायला खोबण्या केल्या आहेत. त्या पायऱ्यांचे मी डझनभर फोटो काढले. लॅम रोडवरच्या स्टुडिओतून ते धुऊन आणले आणि शेजारच्या सुभेदारांना मोठ्या हौसेनं दाखवले. सुभेदार तोफखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे. फोटो हातात धरून त्यांनी विचारलं, "मास्तर, हा पाटा-वरवंट्याचा फोटो का काढलात?"

मग त्यांनी मला तोफखान्यातला एक हिशेब सांगितला. तोफेचा मारा कुठे पडतोय हे लांबून पाहणाऱ्या माणसाकडे कोन मोजण्याचं एक माप असतं, त्याला 'मिल' म्हणतात. एक मीटर रुंदीची वस्तू एक किलोमीटरवरून एक मिल दिसते, दोन किलोमीटरवरून अर्धा मिल. म्हणजे वस्तू केवढी आहे हे ठाऊक असेल तर ती किती लांब आहे ते कळतं आणि अंतर ठाऊक असेल तर आकार कळतो. दोन्ही ठाऊक नसतील तर? "तर मग गोळा दुसऱ्याच गावात," सुभेदार म्हणाले. "तुमच्या फोटोत दोन्ही नाही. एक माणूस उभा करायचा होता."

एवढं साधं उत्तर. पण डोंगराचा फोटो काढणाऱ्यांना ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

नाशिक जिल्ह्याच्या १८८३ सालच्या गॅझेटियरमध्ये याच हरिहरबद्दल कॅप्टन ब्रिग्ज यांचं म्हणणं नोंदलेलं आहे. १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली त्या वर्षी, ते इथे आले होते. त्यांचा सूर असा, की या चढाची भीषणता शब्दांत मावणार नाही. त्यांनी पायऱ्यांची उंची दोनशे फुटांच्या आसपास धरली आणि त्यांना शिडीची उपमा दिली. तेव्हा कॅमेरा नव्हता. तो असता तरी बिचाऱ्या ब्रिग्जना माझ्यासारखाच पाटा-वरवंटा मिळाला असता, कारण दगडाला स्वतःचं माप नसतं. हातभर दरड आणि हजार फुटांचा कडा यांच्या भेगा फोटोत सारख्याच दिसतात.

फ्रान्समधल्या ऑग्युस्त-रोझाली बिसाँ यांनी १८६१ मध्ये माँ ब्लाँच्या शिखरावर कॅमेरा नेला. बरोबर पंचवीस हमाल होते आणि फोटो मिळाले तीन. त्या वेळची रीत अशी, की काचेवर रसायन ओतायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत जागेवरच अंधाऱ्या तंबूत धुवायची. बिसाँ यांच्या आल्प्समधल्या चित्रांत बर्फाच्या प्रचंड कपारींमधून मुंग्यांसारखी माणसांची ओळ जाताना दिसते. 'जाताना' हा शब्द मी चुकून वापरला. काही सेकंद कुणीही हलायचं नाही, असा त्या काचेचा हुकूम असे. ती चढणारी माणसं खरं तर उभी आहेत.

दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, सॅम्युएल बोर्न हे इंग्रज छायाचित्रकार हिंदुस्थानात आले. बोर्न अँड शेफर्ड या गाजलेल्या स्टुडिओतले ते बोर्न. त्यांनी हिमालयाच्या तीन सफरी केल्या आणि १८६६ मध्ये मणिरंग खिंडीत, १८,६०० फुटांवर, काचा धुतल्या. इतक्या उंचीवरचे फोटो पुढे कित्येक वर्षं कुणी काढले नाहीत. त्यांच्या चित्रांत कुठे खडकावर टेकलेला, कुठे झुलत्या पुलाशी उभा असलेला एखादा माणूस असतो आणि त्याच्यामुळे मागचा पहाड एकदम वाढतो. हा माणूस बहुधा सामान वाहणारा हमाल. बोर्न यांनी विलायतेतल्या नियतकालिकात आपल्या सफरींची सविस्तर हकिगत लिहिली. तिच्यात हमाल ओझं टाकून पळतात ही तक्रार वारंवार येते; फोटोत उभा राहिला तो कोण, हे येत नाही. चित्राखाली शिखराचं, दरीचं, खिंडीचं नाव असतं. माणूस तिथे फूटपट्टी म्हणून असतो.

या मंडळींत माझ्या मनात घर करून बसलेला फोटो मात्र ४ जून १९२४ चा आहे. एव्हरेस्टच्या उत्तर अंगानं दोघे इंग्रज चढत होते, एडवर्ड नॉर्टन आणि हॉवर्ड सॉमरव्हेल. प्राणवायूची नळकांडी बरोबर नव्हती. अठ्ठावीस हजार फुटांच्या आसपास सॉमरव्हेल यांचा घसा इतका बिघडला, की ते थांबले आणि नॉर्टन एकटे पुढे गेले. त्या जागेच्या आसपास सॉमरव्हेल यांनी नॉर्टनचा फोटो काढला. कौलांसारख्या उतरत्या फरशा, त्यांवर भुरभुरलेलं बर्फ, आणि तिरक्या उतारावर काठी रोवून उभा असलेला एकटा माणूस. शिखर नाही, ध्वज नाही, चेहराही नाही. पण पाय घसरला तर काय होईल हे पाहणाऱ्याच्या पोटात कळतं. नॉर्टन पुढे २८,१२६ फुटांपर्यंत पोचले. प्राणवायूशिवाय याहून उंच जायला १९७८ साल उजाडावं लागलं.

हे नॉर्टन तोफखान्याचे अधिकारी. सुभेदारांना हे सांगितलं तेव्हा ते खुर्चीत सरळ होऊन बसले. नॉर्टन जलरंगात चित्रंही काढत. त्या काळी तोफखान्याच्या अधिकाऱ्याला समोरच्या मुलखाचं रेखाटन करता येणं हा कामाचाच भाग होता, तेव्हा डोंगराकडे कसं पाहायचं ते त्यांना पक्कं ठाऊक असणार. सॉमरव्हेल डॉक्टर होते. त्यांनी पुढे त्रावणकोरातल्या नेय्यूरच्या मिशन दवाखान्यात अनेक वर्षं काम केलं. आपला खिशात मावणारा कोडॅक त्यांनी त्यानंतर मॅलरींना दिला, असं ते सांगत. ८ जूनला मॅलरी आणि अर्व्हिन ढगाआड गेले. मॅलरींचा देह १९९९ मध्ये सापडला. कॅमेरा सापडलेला नाही.

मग येतो २९ मे १९५३. एव्हरेस्टच्या माथ्यावर कुदळीला ध्वज बांधून उभे असलेले तेनसिंग आपण शाळेच्या पुस्तकांपासून पाहत आलो. तो फोटो हिलरींनी काढला. हिलरींचा शिखरावरचा फोटोच नाही. फोटो काढायला शिकवण्याची ती जागा नव्हती, असं हिलरींचं म्हणणं. मी काढतो म्हणालो होतो पण त्यांनी नको म्हटलं, असं तेनसिंग यांचं. खरं काय ते दोघांपाशी राहिलं. त्या फोटोत डोंगर जवळजवळ नाहीच, पायाखाली बर्फाचा तुकडा आणि मागे आकाश. पण ज्यांच्या जातभाईंनी नाव न लागता कितीतरी फोटोंत ओझी वाहिली, त्यांच्यातला एक नावानिशी जगभर पोचला.

आता पुन्हा हरिहरकडे येऊ. किल्ल्याच्या एका बाजूला उभा कडा आहे, त्याला गिर्यारोहक 'स्कॉटिश कडा' म्हणतात. ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट यांनी तो १९८६ मध्ये पहिल्यांदा चढला म्हणून हे नाव, असं सांगतात. स्कॉट मूळचे नॉटिंगहॅमचे, म्हणजे चांगले इंग्रज. आडनावामुळे आपण त्यांना स्कॉटलंडला पाठवलं. याच स्कॉटनी २४ सप्टेंबर १९७५ रोजी डुगल हॅस्टन यांच्याबरोबर नैर्ऋत्य भिंतीवरून एव्हरेस्ट गाठलं. शेवटच्या धारेवर पुढे चाललेल्या हॅस्टनचा स्कॉटनी काढलेला फोटो पाहावा. माणूस चौकटीत लहान आहे, पाठमोरा आहे, आणि त्याच्यापुढे जागा मोकळी आहे. ही मोकळी जागा फार महत्त्वाची. माणूस चौकटीच्या कडेला तोंड करून उभा केला, की तो भिंतीवर आपटल्यासारखा वाटतो. पुढे वाट ठेवली तर आपणही मनानं दोन पावलं टाकतो.

आपल्या सह्याद्रीत आणखी एक अडचण. फेब्रुवारीत गवत, माती, कातळ सगळंच खाकी. त्यात खाकी शर्टाचा माणूस विरघळून जातो. लाल मुंडासं किंवा पांढरं धोतर उठून दिसतं. नाहीतर माणूस धारेवर घ्यावा, म्हणजे मागे आकाश येतं. तो लहान असावा, पण शोधावा लागू नये.

अलीकडे मात्र वेगळीच गंमत चालते. लांब पल्ल्याची भिंग लावून दुरून फोटो घेतला, की मागच्या आणि पुढच्या पायऱ्या एकमेकींवर चढतात. वर कॅमेरा जरा तिरका धरला, की हरिहरच्या पायऱ्या सरळ आकाशात जातात. तो फोटो मोबाइलवर फिरतो. तो पाहून आलेली, डोंगराची सवय नसलेली मुलं पावसाळ्यातल्या रविवारी ओल्या पायरीवर अडकतात, वरचे उतरेनात, खालचे सरकेनात. माप दाखवायला उभा केलेला माणूस इथे खोटं माप सांगायला वापरला जातो. मला हे अजिबात पसंत नाही. पायऱ्या आहेत तशाच पुरेशा भयंकर आहेत.

सुभेदारांनी टोचल्यावर मी पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. हर्षेवाडीचा एक जवान गडी वाटेत भेटला, पांढरं धोतर, लाल मुंडासं. त्याला विनंती केली. तो सरसर मधल्या पायरीपर्यंत चढला आणि मी खालून फोटो घेतला. तिळाएवढा माणूस, पण पायऱ्या एकदम दोनशे फूट झाल्या. सुभेदारांनी तो फोटो मागून घेतला आणि भिंतीवर लावला. फोटोच्या मागे मी लिहिलं होतं, 'हरिहर, पायऱ्या'. बोर्नसाहेबांहून मी काही वेगळं केलं नव्हतं.

सुभेदार गेल्यावर तो फोटो माझ्याकडे परत आला. एक प्रत करून मी ती घेऊन हर्षेवाडीला गेलो. ज्याला मी तो गडी समजलो त्याच्या हातात दिली. त्यानं ती डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, आतून म्हातारीला बोलावलं. म्हातारीनं फोटोतल्या तिळावर बोट ठेवलं.

"हा न्हाई," ती म्हणाली. "ह्यो आमचा धाकला. थोरला तवा गुरांमागं व्हता."