स्पेन्सरांच्या ढालीवरचे तीन शिंपले

‘स्पेन्सर’ हे इंग्रजी आडनाव हुद्द्यावरून पडले. मोठ्या वाड्याचे किंवा मठाचे कोठार ज्याच्या ताब्यात, धान्य-मद्य मोजून देणारा जो, तो जुन्या फ्रेंच भाषेत ‘देस्पेन्सर’. इंग्रजांच्या तोंडी त्याचा स्पेन्सर झाला. असे कोठावळे शेकडो घरी होते. आडनावे स्थिरावू लागली, तेव्हा त्यांतल्या कितीतरी जणांच्या मुलाबाळांना हे नाव चिकटले, आपापसांत काडीचे नाते नसताना. आपल्याकडे दोन गावचे दोन कुलकर्णी भेटले, तर ते भाऊबंद असतीलच असे कोणी धरून चालत नाही. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत विचारल्यावरच काय ते ठरते. इंग्लंडचा ढालचिन्हांचा कायदाही आडनाव पाहत नाही. चिन्ह एका माणसाला मिळते आणि त्याच्या औरस वंशजांकडे जाते. तरीही आडनाव एक म्हणजे वंश एक आणि वंश एक म्हणजे ढाल एक, हा समज काही जात नाही. कपांवर आणि चौकटींत ‘तुमच्या आडनावाचे कुलचिन्ह’ छापून विकणारा धंदा त्याच्यावरच उभा आहे. हा समज चारशे वर्षांपूर्वी एका मातबर घराण्यालाही कसा मोहात पाडून गेला आणि त्यापायी त्या घराण्याचा खरा इतिहास कसा झाकला गेला, ते ऑल्थॉर्पच्या स्पेन्सरांकडे पाहिले की कळते.

या कहाणीत घराणी दोन आहेत. पहिले देस्पेन्सर. तेराव्या-चौदाव्या शतकांतले हे बडे सरदार घराणे; दुसऱ्या एडवर्ड राजाची मर्जी त्यांच्यावर बसली आणि तीच त्यांच्या मुळावर आली. 1326 साली बापाला ब्रिस्टलमध्ये आणि मुलाला हेरफर्डमध्ये फासावर चढवण्यात आले. दुसरे घराणे वॉरिकशरमधल्या मेंढपाळ-व्यापाऱ्यांचे. त्यातल्या जॉन स्पेन्सर यांनी गुराढोरांच्या आणि मेंढ्यांच्या व्यवहारात पैसा केला, 1506 मध्ये वर्मलीटनची जमीन घेतली आणि 1508 मध्ये नॉर्थॅम्प्टनशरमधले ऑल्थॉर्प घेतले. त्याआधी, 1504 मध्ये, त्यांना रीतसर ढालचिन्ह मिळाले होते: निळ्या जमिनीवर पांढऱ्या केसाळ कातड्याचा, काळ्या ठिपक्यांचा आडवा पट्टा आणि भोवती कुरव पक्ष्यांची सहा पांढरी मुंडकी. देस्पेन्सरांच्या ढालीची एकही खूण तिच्यात नाही. थोर सरदारांचे आपण वंशज आहोत असे ठाऊक असलेला माणूस आपल्या हक्काची ढाल सोडून कुरवांची मुंडकी कशाला पत्करील? माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत बोलका पुरावा हाच आहे.

पुढे 1590 च्या दशकात, घराणे गर्भश्रीमंत झाल्यावर, चित्र बदलले. ढालचिन्हांची नोंद आणि तपासणी करणारे राजदरबारी अधिकारी म्हणजे हेरल्ड. त्यांच्यापैकी रिचर्ड ली यांच्या हातून स्पेन्सरांची वंशावळ थेट देस्पेन्सरांना जाऊन भिडली आणि कुरव मागे पडले. नवी ढाल चार घरांची: दोन घरे कोरी चंदेरी, दोन लाल आणि त्या लालांवर सोनेरी जाळी, वरून तिरका काळा पट्टा. इथपर्यंत ती हुबेहूब देस्पेन्सरांची. फरक एवढाच की काळ्या पट्ट्यावर तीन चंदेरी शिंपले आले. धाकट्या पातीने थोरल्या पातीची ढाल वापरताना तिच्यात अशी एखादी खूण घालायची, हा रिवाज होता. म्हणजे ‘आम्ही त्यांचीच धाकटी पाती’ हा सगळा दावा त्या तीन शिंपल्यांत सामावला होता. त्याच दशकाच्या सुरुवातीला कवी एडमंड स्पेन्सर यांनी ऑल्थॉर्पच्या तीन मुलींना आपली काव्ये अर्पण करून त्या घराण्याशी नाते सांगितले होते. कवी स्पेन्सरांना धरून, स्पेन्सर देस्पेन्सरांना धरून. आणि दोन्हीकडे हाताला लागते ते मुख्यतः नावातले साम्य.

यावर कोणी म्हणेल की राजाच्या अधिकाऱ्यांनीच मान्यता दिली, तर आपण शंका घेणारे कोण? इथे हक्क आणि वंश या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. अधिकाऱ्याने मंजूर केलेली ढाल वापरण्याचा हक्क स्पेन्सरांना मिळाला आणि तो खराच आहे. पण मंजुरीने पूर्वज निर्माण होत नाहीत. त्याच देशात दोनशे वर्षांपूर्वी पुराव्याची कसोटी काय होती, तेही पाहण्यासारखे आहे. 1385 च्या स्कॉटलंडच्या स्वारीत रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रोव्हनर यांच्या ढाली एकसारख्या निघाल्या, निळ्यावर सोनेरी तिरका पट्टा. खटला वर्षानुवर्षे चालला आणि शेकडो साक्षी झाल्या. त्यात कवी चॉसर यांचीही एक होती. कोणी ही ढाल कुठल्या लढाईत पाहिली, कुठल्या चर्चच्या काचेवर पाहिली, हे एकेकाने सांगितले. 1390 मध्ये निकाल स्क्रोप यांच्या बाजूने लागला आणि ग्रोव्हनर यांनी गव्हाची सोनेरी पेंढी घेतली. आडनावे वेगळी, ढाल एकच; तेव्हा नावाचा प्रश्नच आला नाही, प्रश्न आला तो वापराचा आणि डोळ्यांनी पाहिलेल्याचा. स्पेन्सरांची वंशावळ अशा कसोटीला 1901 पर्यंत थांबली. त्या वर्षी जे. एच. राउंड या इतिहासकाराने जुनी कागदपत्रे लावून पाहिली आणि ती रचलेली आहे असे दाखवले.

दुसरा आक्षेप असा की एखाद्या घराण्याने थोडी प्रौढी मिरवली तर बिघडले कुठे? बिघडले ते इतिहासाचे. जॉन स्पेन्सर यांनी वर्मलीटन घेतले, तेव्हा आधीच्या मालकाने शेते कुंपणात घालून कुळे उठवलेली होती. नांगरटीच्या जागी मेंढ्या चरू लागल्याबद्दल सरकारने विचारणा केली, तेव्हा स्पेन्सर यांनी राजाकडे अर्ज केला. जमीन आपल्या आधीच कुंपणात गेली होती, आपण चर्च दुरुस्त केले, त्या भागात लाकडाची टंचाई म्हणून कुंपणाकडेला ओकची बीजे रोवली, असे त्यांचे म्हणणे होते. सोळाव्या शतकातले इंग्लंड या एका अर्जात दिसते: लोकरीचा पैसा, उठलेली गावे आणि मेंढ्यांच्या जोरावर सरदारकीकडे निघालेले एक हुशार कुटुंब. फासावर गेलेल्या सरदारांचे उसने रक्त याच्यापुढे फिके आहे. आणि ते उसने आहे, हे समकालीनांना दिसतही होते. 1621 मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात लॉर्ड स्पेन्सर पूर्वजांविषयी बोलू लागले, तेव्हा अरंडेलच्या अर्लने त्यांना सुनावले की त्या काळी तुमचे पूर्वज मेंढ्या राखत होते. स्पेन्सर यांनी मेंढ्या नाकारल्या नाहीत. माझे मेंढ्या राखत होते तेव्हा तुमचे राजद्रोहाचे कट करत होते, असे उत्तर दिले. अरंडेलची रवानगी लंडनच्या टॉवरच्या तुरुंगात झाली. त्या उत्तरात जे बोलले गेले, ते वंशावळीपेक्षा कितीतरी खरे होते.

ढाल मात्र राहिली. सरदार देस्पेन्सरांच्या ढालीवर शिंपले नव्हते, म्हणून चार घरांच्या त्या ढालीवर मेंढपाळ स्पेन्सरांचे स्वतःचे म्हणता येईल असे तेवढेच आहे. ब्रिटनच्या राजकुमारी डायाना या स्पेन्सरांच्या घरातल्या. त्यांचे मुलगे विल्यम आणि हॅरी अठरा वर्षांचे झाले, तेव्हा 2000 आणि 2002 मध्ये त्यांना स्वतंत्र ढालचिन्हे देण्यात आली. आईच्या घराण्याची खूण म्हणून जाळी, पट्टा काही घेतले नाही. दोघांच्याही चिन्हांत लाल रंगाचा शिंपला घालण्यात आला.