भोक बुजवायला पाच महिने

गेल्या महिन्यात बॉक्स क्रिकेट खेळताना माझा गुडघा गेला. दुसऱ्यांदा! पहिल्यांदा गेला तेव्हा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतलं पुढचं लिगामेंट, नवीन बसवून घेतलं होतं. त्यामुळे यावेळी वाटलं, अनुभव आहेच, परत एक ऑपरेशन, परत फिजिओ, संपला विषय.

पण डॉक्टरांनी सीटी स्कॅन दाखवला. लिगामेंट ओवायला मागच्या वेळी हाडात ८ मिलिमीटरचं भोक पाडलं होतं, ते रुंदावून १५ झालं होतं. असं बऱ्याच जणांचं होतं म्हणे, आणि त्याचं एकच एक कारण सांगता येत नाही. "एवढ्या भोकात नवीन लिगामेंट घट्ट बसणार नाही. आधी हाड भरू, पाच महिने थांबू, मग परत ड्रिल करू."

पाच महिने! आम्ही तेवढ्यात दोन रिलीज काढतो. शिवाय मार्चमधलं ऑनसाइट हातचं जाणार. घरी येऊन चिडचिड केली आणि मग सवयीप्रमाणे वाचायला बसलो.

हाडाच्या कलमाची पहिली छापील हकीकत १६६८ सालची. योब व्हान मेकेरेन या डच सर्जनने ती ऐकून लिहिली होती. तलवारीने कवटी फुटलेल्या एका रशियन माणसाला कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवला. जखम भरली, पण चर्चने त्याला बहिष्कृत केलं. तो तुकडा काढून घ्या म्हणून परत गेला, तर हाड पक्कं जुळून गेलं होतं! हकीकत किती खरी देव जाणे.

मॅकेवेनचं काम मात्र पक्क्या नोंदीचं. ग्लासगोच्या विल्यम मॅकेवेनकडे तीन-चार वर्षांचा एक मुलगा आला. दंडाचं हाड सडून गेलेलं, हात नुसता लोंबणारा. मॅकेवेन तेव्हा मुडदुसाने वाकलेले मुलांचे पाय सरळ करत असे. त्यात निघालेले हाडाचे तुकडे त्याने या मुलाच्या दंडात टप्प्याटप्प्याने बसवले आणि १८८१ साली ते प्रसिद्ध केलं. मुलगा मोठा होऊन त्याच हाताने काम करू लागला.

मग वाद पेटला. बसवलेलं हाड जगतं की मरतं? १९१४ साली शिकागोच्या डॅलस फेमिस्टरने प्रयोगांतून दाखवलं की बहुतेक भाग मरतो, पृष्ठभागावरच्या काही पेशी तेवढ्या तगतात. शरीर ते मेलेलं हाड हळूहळू कुरतडत जातं आणि त्या जागी स्वतःचं नवीन हाड घालत जातं. म्हणजे कलम ही परांची. इमारत आपली आपल्यालाच बांधायची असते!

आता गंमत बघा. १९१७ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, ब्रिस्टलच्या अर्नेस्ट हे ग्रोव्ह्जने मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी हाडातल्या भोकांतून ओवून एसीएल नव्याने तयार करण्याचं ऑपरेशन लिहिलं. आणि त्याच वर्षी, त्याच माणसाने हाडाच्या कलमांवर भला मोठा लेख लिहिला. हाडात भोक पाडणं आणि हाडातली पोकळी भरणं, हे दोन्ही एकाच डोक्यात एकाच वेळी चाललं होतं. माझ्या गुडघ्यात ते शंभरेक वर्षांनी भेटतायत, एवढंच :)

१९६५ साली लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्टने आणखी एक पाऊल टाकलं. हाडातला कॅल्शियम आम्लाने काढून उरलेला भाग त्याने प्राण्यांच्या स्नायूत ठेवला. स्नायूत, हाडाच्या आसपासही नाही! तिथे नवीन हाड तयार झालं. म्हणजे मेलेल्या हाडातही 'इथे हाड बांधा' असा निरोप शिल्लक असतो.

डॉक्टरांनी मला दोन पर्याय दिलेत. माझ्याच कमरेच्या हाडातून काढायचं, किंवा टिश्यू बँकेतलं दान केलेलं हाड वापरायचं. आपल्या परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये १९८८ साली अशी बँक सुरू झाली आणि हाडं गॅमा किरणांनी निर्जंतुक करायचं तंत्र आपल्याकडे आलं. बँकेचं हाड घेतलं तर कमरेला जखम नाही. पण ते नुसती परांची. माझ्या हाडात परांचीबरोबर चार गवंडीही येतात. कंबर दुखेल ती दुखेल, मी स्वतःचंच सांगितलं.

घाईही सोडून दिली. बुजवलेलं हाड जुन्या हाडाशी एकजीव व्हायच्या आत त्यात ड्रिल घालणं म्हणजे ओल्या सिमेंटात खिळा ठोकणं. पॅच मारून शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करणाऱ्यांचं पुढे काय होतं, ते मी नोकरीत भरपूर पाहिलंय.

काल मॅनेजरला मेल टाकला, मार्चला जमणार नाही म्हणून. आई म्हणते, "बरं झालं, पाच महिने घरी तरी दिसशील." असो. पुढच्या गुरुवारी हाड भरायचंय. वीकेंडचं लिखाण मात्र चालू राहील, हाताला काही झालेलं नाही!