पोर्टॅलिस
अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्याच्या पूर्व सीमेजवळचे छोटे विद्यापीठनगर व रूझवेल्ट काउंटीचे मुख्य ठिकाण. लोकसंख्या सु. १२ हजार (२०२०). ल्यानो एस्ताकादो या विस्तीर्ण पठारावर, सु. १,२०० मी. उंचीवर ते वसले आहे. भोवताली नजर पोचेल तिथवर सपाट माळ आणि बारमाही वारा. डोंगर नाही, वाहती नदीही नाही. महामार्गाने जाणारे बहुतेक जण न थांबता पुढे निघून जातात. या गावाची ओळख मात्र पाण्याच्या मागावर निघाल्यावर पटते.

आज कोरड्या असलेल्या परिसरातील झऱ्यांवर एके काळी गुराखी मुक्काम करीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोहमार्ग आला आणि गाव उभे राहिले. त्याआधीचा इतिहास फार खोल आहे. गावाच्या उत्तरेस ब्लॅकवॉटर ड्रॉ येथे १९२९ मध्ये रिजली व्हाइटमन या तरुणाला प्राचीन अवशेष सापडले. पुढील उत्खननांत मॅमथच्या हाडांबरोबर दगडी भालाग्रे मिळाली. ही भालाग्रे दोन्ही अंगांनी छिलके काढून घडवलेली असून, काठी पक्की बसावी म्हणून बुडापासून वर उथळ खोबण काढलेली आहे. सु. १३ हजार वर्षांपूर्वी इथे पाणथळ होते. जनावरे पाण्यावर येत आणि त्यांच्या मागे शिकारी. हवामान कोरडे होत गेले तसे माणसांनी इथे हातांनी विहिरीही खणल्या. हे स्थळ पोर्टॅलिसला अधिक जवळ असले, तरी अशी भालाग्रे घडवणाऱ्या या शिकाऱ्यांच्या संस्कृतीला नाव मिळाले ते शेजारच्या क्लोव्हिस गावाचे. वाळू-खडीच्या खाणीने स्थळाचा बराच भाग खाल्ला, ही हानी भरून येणारी नाही. उरलेला भाग आता गावातले विद्यापीठ सांभाळते.

ईस्टर्न न्यू मेक्सिको विद्यापीठ १९३४ मध्ये दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचे महाविद्यालय म्हणून सुरू झाले. आसपासच्या शेतकरी आणि पशुपालक घरांतील मुलांना दूर न जाता शिकता आले, हे त्याचे मोठे काम. विज्ञानकथाकार जॅक विल्यमसन (१९०८–२००६) इथेच शिकले आणि इथेच इंग्रजीचे प्राध्यापक झाले. लहानपणी ते कुटुंबाबरोबर छपराच्या घोडागाडीतून या मुलखात आले होते. परग्रह माणसाला राहण्याजोगा करण्याच्या कल्पनेसाठी ‘टेराफॉर्मिंग’ हा शब्द त्यांनी १९४२ च्या एका कथेत प्रथम वापरला. कोरड्या माळावर वस्ती करू पाहणाऱ्या घरातला मुलगा अशी कथा लिहितो, याचे नवल वाटत नाही. त्यांच्या नावाचा विज्ञानकथा संग्रह विद्यापीठाच्या ग्रंथालयात असून त्यांच्या सन्मानार्थ दरवर्षी व्याख्यान होते.

गावच्या रेताड जमिनीत व्हॅलेन्सिया जातीचा भुईमूग उत्तम येतो. याची शेंग तीन-चार दाण्यांची, दाणा लहान, लाल सालीचा आणि गोड. टरफलासकट भाजण्यासाठी आणि शेंगदाण्याच्या लोण्यासाठी त्याला मागणी असते. याशिवाय दुग्धव्यवसाय मोठा आहे.

पाऊस तुटपुंजा असल्याने पिके, गोठे आणि नळ या सर्वांची भिस्त ओगालाला या भूजलसाठ्यावर आहे. पूर्वी पाणी पवनचक्क्यांनी उपसले जाई. विसाव्या शतकात शक्तिशाली पंप आले आणि उपसा पुनर्भरणापेक्षा कितीतरी पुढे गेला. पातळी खालावली, काही शेतांचे सिंचन थांबले. कनेडियन नदीवरील यूट जलाशयातून या भागातील गावांना पाणी देण्यासाठी जलवाहिनीचे काम हाती घेण्यात आले आहे. ते पिण्याच्या पाण्यासाठी आहे. शेतीला मात्र ओगालालाचाच आधार आहे.