रुळांच्या अलीकडे, पलीकडे

मानेसरला आमच्या वसाहतीजवळ प्लास्टिकच्या हिरवळीचं एक जाळीबंद मैदान आहे. शनिवारी रात्री दिवे लावून तिथे कंपन्यांच्या संघांचे सामने होतात. चुरस असते, आरडाओरडाही भरपूर. पुढच्या वर्षी मात्र त्यातली निम्मी पोरं नोकरी बदलून समोरच्या संघाची जर्सी घालून येतात, आणि आपला प्रतिस्पर्धी कोण हे सगळ्यांना नव्याने ठरवावं लागतं. शेजारच्या हरयाणवी मित्राने एकदा विचारलं, तुमच्या मुंबईतही असंच होतं का? मी नाही म्हणालो आणि दादरबद्दल बोलत सुटलो. त्याचा चहा गार झाला.

दादर रेल्वेच्या रुळांनी दुभंगलेलं आहे. पूर्वेला हिंदू कॉलनी आणि पुढे माटुंगा. तिथल्या दडकर मैदानावरचा क्लब दादर युनियन. पश्चिमेला शिवाजी पार्क. तिथला शिवाजी पार्क जिमखाना. दोन्हींमध्ये अंतर पायी जाण्याइतकं. आमचे बाबा पूर्वेचे, अण्णाकाका पश्चिमेचे. हे दोघे सख्खे भाऊ कांगा लीगमध्ये या दोन क्लबांची गाठ पडणार असली की आठवडाभर एकमेकांशी फक्त कामापुरतं बोलायचे.

कांगा लीग कुठून आली हे सांगितल्याशिवाय या चुरशीचं वजन कळणार नाही. त्याआधी मुंबईतली सर्वात गाजणारी स्पर्धा होती पंचरंगी. हिंदू, पारशी, मुस्लिम, युरोपियन आणि उरलेले सगळे मिळून ‘द रेस्ट’, असे पाच संघ. खेळ उत्तम, गर्दी अफाट, पण बाजू कुठली घ्यायची ते जन्माने ठरलेलं. १९४० साली गांधीजींनी या धर्मवार क्रिकेटला विरोध दर्शवला. तरी स्पर्धा रेटत राहिली आणि १९४६ मध्ये कायमची बंद झाली. दोनच वर्षांनी, १९४८ मध्ये, डॉ. होरमसजी कांगा या पारशी डॉक्टरच्या नावाने क्लबांची लीग सुरू झाली. हे कांगा १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर गेलेल्या हिंदी संघातले खेळाडू. एक स्पर्धा गेली म्हणून दुसरी आली, असा सरळ हिशेब मी मांडत नाही. हिंदू, पारसी आणि इस्लाम जिमखाने लीगमध्येही खेळत राहिलेच. पण रविवारी माणूस कुणासाठी घसा कोरडा करणार, याचं उत्तर दादरमध्ये तरी बदललं. ते आता पत्त्यावर ठरू लागलं.

आणि ही लीग भर पावसाळ्यातली! खेळपट्टी उघडी, कधी चिखल तर कधी वर वाळलेली आणि आत ओली. बाहेर गुडघ्याला लागेल असं गवत, म्हणून जमिनीलगत मारलेला चांगला फटकाही वाटेत अडकून पडायचा. धावा हव्या तर चेंडू उचलून मारायचा, आणि उचलला की झेल. सामना एका दिवसाचा. त्यात एखाद्याने तीस-चाळीस धावा केल्या की बाबा त्याला शतकाचा मान द्यायचे. चेंडू शेवटपर्यंत बघायचा, बॅट सैल हातांनी धरायची, फुकट काही द्यायचं नाही. मुंबईच्या क्रिकेटला ‘खडूस’ हे विशेषण चिकटलं, त्यातला बराचसा खडूसपणा या चिखलात मुरलेला आहे.

दादर युनियन शिस्तीसाठी प्रसिद्ध होती. ही शिस्त माधव मंत्री यांच्या करड्या नजरेतली. मंत्री कसोटी खेळलेले यष्टिरक्षक आणि सुनील गावसकरांचे मामा. लहानपणी भाच्याने त्यांच्या कपाटातल्या खेळाच्या कपड्यांपैकी एक मागितला तेव्हा मामांनी नकार दिला, हे स्वतः कमवावं लागतं म्हणून सांगितलं, ही हकीकत गावसकरांनीच लिहून ठेवली आहे. पुढे याच क्लबाचं कर्णधारपद वासू परांजपे यांच्याकडे आलं. गावसकरांचं ‘सनी’ हे नाव त्यांनीच पाडलेलं. पश्चिमेकडे अजित वाडेकर आणि डावखुरे फिरकीपटू पद्माकर शिवलकर. शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि एकही कसोटी त्यांच्या वाट्याला आली नाही. हा विषय निघाला की आमचे बाबासुद्धा अण्णाकाकांच्या बाजूने बोलायचे. शिवलकरांच्या बाबतीत रूळ मध्ये येत नसत.

मला या वैराचं सर्वात मोलाचं अंग वाटतं ते हेच, की त्यात समोरच्यापासून सुटका नव्हती. रविवारी ज्याचा त्रिफळा उडवला, तो सोमवारी त्याच लोकलला भेटायचा. बँका आणि कंपन्यांचे संघ टाइम्स शील्डमध्ये खेळायचे, तेव्हा क्लबांमधले वैरी एकाच बाजूने उतरायचे. रणजीला तर सगळेच मुंबईचे. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग पंधरा वर्षं मुंबईने रणजी करंडक जिंकला. त्यातला शेवटचा अंतिम सामना चेपॉकला तमिळनाडूविरुद्ध झाला. शिवलकरांनी १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेतले. कर्णधार होते वाडेकर.

१९७१ साल तर दोन्ही बाजूंना एकदमच लागू पडलं. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर भारताचा कर्णधार शिवाजी पार्क जिमखान्याचा आणि नवा सलामीवीर दादर युनियनचा. पोर्ट ऑफ स्पेनला भारताने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा हरवलं. गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या. रेडिओपुढे बसून बाबा म्हणत, धावा आमच्या; काका म्हणत, डोकं आमचं.

हे सगळं गोड करून सांगण्याचा मोह होतो, म्हणून एक गोष्ट नोंदवतो. हे जग लहान होतं. बहुतेक मराठी, पांढरपेशं, सवर्ण वळणाचं. परळ-लालबागच्या चाळीतला मुलगा तिथे पोचायचा, पण त्याला रुळांपेक्षा रुंद काहीतरी ओलांडावं लागायचं. पत्त्यावरून ठरलेलं वैर धर्मावरून ठरलेल्यापेक्षा बरं, एवढंच मी म्हणतो. पत्ता मिळणंही सगळ्यांच्या हातात नव्हतं.

हरयाणवी मित्राने टीव्हीवर ऑलिंपिकमधलं कर्लिंग पाहिलं होतं, बर्फावर दगड सरकवायचा खेळ. मी त्याला सांगितलं की स्कॉटलंडमध्ये उत्तर विरुद्ध दक्षिण असा कर्लिंगचा महासामना गोठलेल्या तळ्यावर होत असे. बर्फ पुरेसा जाड झाला तरच. शेवटचा झाला १९७९ मध्ये, मेन्टीथच्या तळ्यावर. त्या खेळात जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पेय पाजायची रीत आहे. तो म्हणाला, मग तुमच्याकडे कोण पाजायचं?

आमच्याकडे हरलेल्याच्या घरी जेवण व्हायचं. काकूंचा तसा नियमच होता, आणि त्यावर अपील नव्हतं. पुढे जागांचे भाव चढले, मुलं बोरिवली, ठाणे, डोंबिवलीला गेली, मी तर थेट इथे येऊन पडलो. क्लब आहेत, लीगही आहे. पण हरल्यावर सोमवारी तोंड दाखवायचं कुणाला, हा प्रश्न राहिला नाही.

वाडेकर आणि गावसकर पुढे वरळीला ‘स्पोर्ट्सफील्ड’ नावाच्या एकाच इमारतीत राहायला गेले. बाबांना हे कळलं तेव्हा त्यांनी अण्णाकाकांना फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, वरचा मजला कुणाला मिळाला?